ईआरके विकर ओळखणारी प्रतिपिंडे

ईआरके विकर ओळखणारी प्रतिपिंडे ही पेशींमधील ईआरके-१ आणि ईआरके-२ या दोन संदेशवाहक विकरांचे अस्तित्व, प्रमाण आणि कार्यरत अवस्था तपासण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी प्रतिपिंडे होत. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारची प्रतिपिंडे हे विकर कोणत्याही अवस्थेत असले तरी त्याला चिकटतात. त्यांना एकूण-ईआरके प्रतिपिंडे म्हणतात. दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे विकरावर ठरावीक ठिकाणी फॉस्फेट गट बसलेले असतील तरच चिकटतात; त्यांना फॉस्फो-ईआरके प्रतिपिंडे म्हणतात. ईआरके जवळजवळ प्रत्येक पेशीत सदैव उपस्थित असते, मात्र ते सदैव कार्यरत नसते. त्यामुळे ‘विकर आहे का?’ आणि ‘विकर काम करत आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न ठरतात व त्यांची उत्तरे दोन वेगळ्या प्रतिपिंडांकडून घ्यावी लागतात. कर्करोग, प्रतिकारशक्ती आणि परजीवीजन्य रोग यांवरील संशोधनातील अनेक निष्कर्ष या दोन उत्तरांच्या तुलनेवर आधारलेले आहेत.

संज्ञा

एन्झाइम या अर्थाने मराठीत विकर, वितंचक आणि एन्झाइम हे तीनही शब्द आढळतात. प्रस्तुत लेखात विकर हा शब्द वापरला आहे. अँटिबॉडीसाठी प्रतिपिंड व प्रतिद्रव्य असे दोन शब्द रूढ आहेत. प्रतिपिंड ज्या रेणूविरुद्ध तयार होते त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंड संपूर्ण प्रतिजनाला ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील एका लहानशा भागाच्या आकाराला ते चिकटते. या भागाला एपिटोप असे नाव आहे.

एटीपी या रेणूवरील फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या प्रथिनावर बसवणाऱ्या विकरास कायनेज म्हणतात आणि या क्रियेस फॉस्फोरिलीकरण म्हणतात. बसवलेला फॉस्फेट गट काढून टाकणारी विकरे फॉस्फटेज होत. ईआरके हे ‘पेशीबाह्य संकेतांनी नियंत्रित होणारे कायनेज’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे.

ईआरके विकरे

मानवी जनुकसंचातील प्रथिन-कायनेजांची मोजणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची संख्या ५१८ भरली. ईआरके-१ आणि ईआरके-२ ही त्यांपैकी दोन. ईआरके-१ चे वस्तुमान सुमारे ४४ किलोडाल्टन आणि ईआरके-२ चे सुमारे ४२ किलोडाल्टन आहे. दोहोंची रचना इतकी सारखी आहे की बहुतेक प्रतिपिंडे दोघांनाही ओळखतात.

पेशीच्या बाहेरून वाढीचा संदेश आला की तो पेशीच्या पटलावरील ग्राहीकडून रॅस, रॅफ आणि एमईके या प्रथिनांमार्फत टप्प्याटप्प्याने ईआरकेपर्यंत पोहोचतो. एमईके हे विकर ईआरकेवर दोन फॉस्फेट गट बसवते. मानवी ईआरके-१ मध्ये त्यांपैकी एक २०२ व्या स्थानावरील थ्रिओनीनवर आणि दुसरा २०४ व्या स्थानावरील टायरोसीनवर बसतो; ईआरके-२ मध्ये हीच स्थाने अनुक्रमे १८५ आणि १८७ आहेत. पूर्ण कार्यक्षमतेसाठी दोन्ही फॉस्फेट गट आवश्यक असतात. कार्यरत झालेले ईआरके पेशीकेंद्रकात शिरून जनुकांच्या अभिव्यक्तीवर परिणाम करू शकते. पेशीने विभाजित व्हावे की विशेषित व्हावे, हे काही अंशी ईआरके किती वेळ कार्यरत राहते यावर ठरते.

लेखनातील अनुस्वाराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ‘मद’ आणि ‘मंद’ या शब्दांत अक्षरे तीच आहेत. एका बिंदूने अर्थ बदलतो. ईआरकेवरील फॉस्फेटचे कार्य असेच आहे. एकूण-ईआरके प्रतिपिंड अक्षरे वाचते, फॉस्फो-ईआरके प्रतिपिंड बिंदूसह शब्द वाचते.

इतिहास

प्रथिनांवर फॉस्फेट बसवून आणि काढून त्यांचे कार्य नियंत्रित होते, हे एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टायरोसीनवरही फॉस्फेट बसतो, हे टोनी हंटर आणि सहकाऱ्यांच्या १९७९ मधील कामातून समोर आले. १९८१ मध्ये रॉस, बाल्टिमोर आणि आयझेन यांनी फॉस्फेटयुक्त टायरोसीनला चिकटणारी प्रतिपिंडे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कोणत्याही एका प्रथिनाऐवजी फॉस्फेटयुक्त टायरोसीन असलेल्या प्रथिनांचा समूह त्यांच्या साहाय्याने वेगळा करता येत असे.

इन्शुलिनच्या प्रभावाने झपाट्याने कार्यरत होणारे एक कायनेज रे आणि स्टर्गिल यांनी १९८७ मध्ये वर्णिले. पुढे तेच ईआरके कुटुंबातील असल्याचे स्पष्ट झाले. ईआरके-१ च्या रचनेचा उलगडा बोल्टन, कॉब आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केला. त्या काळी या विकराची कार्यक्षमता मोजण्यासाठी किरणोत्सर्गी फॉस्फरसयुक्त एटीपी वापरावे लागे. विकर पेशींतून वेगळे काढून त्याला एखादे प्रथिन पुरवायचे आणि त्यावर किती किरणोत्सर्गी फॉस्फेट बसला ते मोजायचे, अशी ही पद्धत होती. ती अचूक असली तरी वेळखाऊ होती आणि किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळांपुरती मर्यादित होती.

१९९० च्या दशकात फॉस्फो-ईआरके प्रतिपिंडे उपलब्ध झाल्यावर ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. इस्रायलमधील वाइझमन विज्ञानसंस्थेतील रोनी सेगर यांच्या गटाने १९९७ मध्ये वर्णिलेले, दोन्ही फॉस्फेट गट असलेल्या ईआरकेला ओळखणारे एकक्लोनी प्रतिपिंड हे त्यांपैकी एक होय.

निर्मिती

फॉस्फो-ईआरके प्रतिपिंड तयार करताना संपूर्ण विकर वापरण्याची गरज नसते. ज्या भागावर फॉस्फेट बसतो त्या भागातील ॲमिनो आम्लांची छोटी साखळी प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने तयार करतात आणि तिच्यावर आवश्यक त्या ठिकाणी फॉस्फेट बसवतात. इतकी लहान साखळी प्राण्याच्या प्रतिकारयंत्रणेला सहसा जागी करत नाही. म्हणून ती एखाद्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला किंवा उंदराला टोचतात.

प्राण्याच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे एकजिनसी नसतात. त्यात अनेक पेशीवंशांनी तयार केलेली, वेगवेगळ्या एपिटोपांना चिकटणारी प्रतिपिंडे मिसळलेली असतात. अशा मिश्रणाला बहुक्लोनी प्रतिपिंडे म्हणतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेमुळे महाराष्ट्राला परिचित असलेली, घोड्यांच्या रक्तापासून मिळवली जाणारी सर्पविषरोधक लस याच वर्गात मोडते. विषातील अनेक घटक एकाच वेळी निष्प्रभ करायचे असल्याने तेथे हे वैविध्य उपकारक ठरते. फॉस्फो-ईआरकेच्या बाबतीत मात्र ते अडचणीचे होते, कारण मिश्रणातील काही प्रतिपिंडे फॉस्फेट नसलेल्या ईआरकेलाही चिकटतात. त्यामुळे हे मिश्रण प्रथम फॉस्फेटविरहित साखळी बसवलेल्या स्तंभातून जाऊ देतात. नको असलेली प्रतिपिंडे तेथे अडकतात. उरलेले द्रावण फॉस्फेटयुक्त साखळीच्या स्तंभातून नेऊन हवी ती प्रतिपिंडे वेगळी करतात.

एकक्लोनी प्रतिपिंडे निर्माण करण्याची पद्धत जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. प्रतिपिंड तयार करणारी प्लीहेतील पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संकर करून मिळणारा पेशीवंश एकाच प्रकारचे प्रतिपिंड दीर्घकाळ पुरवतो. या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अलीकडे प्रतिपिंडाच्या जनुकाचा क्रम वाचून ते दुसऱ्या पेशींमध्ये तयार करण्याची पुनःसंयोजित पद्धतही रूढ होत आहे. अशा प्रतिपिंडाची ओळख त्याच्या क्रमाने पक्की होते. त्यामुळे पेशीवंश बिघडला किंवा प्राणी मरण पावला तरी ते पुन्हा जसेच्या तसे तयार करता येते.

वेस्टर्न ब्लॉट पद्धतीतील वापर

ईआरके तपासण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे १९७९ मध्ये पुढे आलेली वेस्टर्न ब्लॉट होय. तिच्यात पेशी फोडून मिळालेली प्रथिने जेलमध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने आकारानुसार वेगळी करतात, नंतर ती एका पातळ पटलावर उतरवतात आणि त्या पटलावर प्रतिपिंडाचे द्रावण टाकतात. पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराशी जोडलेले असते. ज्या ठिकाणी ईआरके आहे त्या ठिकाणी प्रकाश पडून फिल्मवर किंवा कॅमेऱ्यात पट्टा उमटतो. ईआरकेचे ४४ आणि ४२ किलोडाल्टन या ठिकाणी एकमेकांजवळ दोन पट्टे दिसतात.

फॉस्फो-ईआरकेच्या बाबतीत पहिल्या पायरीपासूनच दक्षता घ्यावी लागते. पेशी फुटताच तिच्यातील फॉस्फटेजे ईआरकेवरील फॉस्फेट काढू लागतात. म्हणून पेशी बर्फावर ठेवून फोडतात आणि द्रावणात सोडियम फ्लोराइड, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट यांसारखे फॉस्फटेजरोधक घालतात. पटलावरील मोकळ्या जागा झाकण्यासाठी अनेक प्रयोगशाळा दुधाची भुकटी वापरतात. दुधातील केसीन हे स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन असल्यामुळे फॉस्फो-प्रतिपिंडांसाठी दुधाऐवजी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरण्याची शिफारस सामान्यतः केली जाते.

हीच प्रतिपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील ईआरकेचे स्थान पाहण्यासाठी, प्रवाही पेशीमापनात एकेका पेशीची तपासणी करण्यासाठी आणि ऊतींच्या पातळ कापांचे रंजन करण्यासाठीही वापरतात. एका पद्धतीत उत्तम चालणारे प्रतिपिंड दुसऱ्या पद्धतीत चालेलच असे नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेले असते. ऊतीच्या कापात ते घडी घातलेल्या आणि फॉर्मॅलिनने बांधलेल्या स्थितीत असते. त्यामुळे त्याच एपिटोपाचा आकार प्रतिपिंडाला वेगळा दिसू शकतो.

नियंत्रणे आणि अर्थनिर्णय

फॉस्फो-ईआरकेचा पट्टा गडद दिसला तर त्याची किमान दोन कारणे संभवतात: विकर अधिक कार्यरत झाले असेल किंवा त्या नमुन्यात विकराचे प्रमाणच अधिक असेल. यांतील खरे कारण कोणते हे ठरवण्यासाठी तोच नमुना एकूण-ईआरके प्रतिपिंडानेही तपासतात आणि दोन पट्ट्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढतात. केवळ फॉस्फो-ईआरकेचा पट्टा दाखवून काढलेला निष्कर्ष अपुरा मानला जातो.

पट्टा खरोखर ईआरकेचाच आहे याची खात्री करण्यासाठी पुढील नियंत्रणे प्रचलित आहेत.

• उत्तेजित नमुना: पोषक सीरमाविना ठेवलेल्या पेशींना वाढघटक दिल्यास काही मिनिटांत फॉस्फो-ईआरकेचा पट्टा वाढला पाहिजे.

• रोधित नमुना: यू-०१२६ किंवा तत्सम एमईके-रोधक दिल्यावर पट्टा नाहीसा किंवा फिका झाला पाहिजे.

• फॉस्फटेजने प्रक्रिया केलेला नमुना: फॉस्फेट काढून टाकल्यावर फॉस्फो-ईआरकेचा पट्टा जावा आणि एकूण-ईआरकेचा पट्टा टिकून राहावा.

• जनुकविरहित नमुना: ज्या पेशींतून ईआरकेचे जनुक काढले आहे, त्यांत एकूण-ईआरके प्रतिपिंडानेही त्या विकराचा पट्टा दिसू नये.

वेळ हाही या तपासणीतील महत्त्वाचा घटक आहे. अनेक पेशींत वाढघटक दिल्यानंतर सुमारे पाच ते दहा मिनिटांत फॉस्फो-ईआरके शिखरावर पोहोचते आणि नंतर ओसरते. एक तासानंतर घेतलेल्या नमुन्यात पट्टा न दिसल्यास ‘ईआरके कार्यरत झालेच नाही’ असा चुकीचा अर्थ निघू शकतो. त्यामुळे एकाऐवजी अनेक वेळांचे नमुने घेण्याची पद्धत आहे.

जवळच्या विकरांशी गल्लत हा आणखी एक धोका होय. ईआरकेच्या फॉस्फेट बसणाऱ्या भागात थ्रिओनीन, ग्लुटामिक आम्ल आणि टायरोसीन हा क्रम असतो. त्याच कुटुंबातील पी-३८ या विकरात थ्रिओनीन, ग्लायसीन, टायरोसीन असा, तर जेएनके या विकरात थ्रिओनीन, प्रोलीन, टायरोसीन असा क्रम असतो. ‘नगर’ आणि ‘नजर’ या शब्दांप्रमाणे येथे केवळ मधले अक्षर बदलते. आजूबाजूच्या ॲमिनो आम्लांचा आधार घेऊन प्रतिपिंडाला हा भेद ओळखावा लागतो.

पुण्यातील संशोधन

ईआरके आणि पी-३८ यांतील भेद किती निर्णायक ठरू शकतो, याचे उदाहरण पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधनात आढळते. हे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात असून देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरवणारे भांडारही तेथे आहे. या केंद्रातील भास्कर साहा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात लीशमॅनिया मेजर या परजीवीवरील अभ्यास प्रसिद्ध केला.

हा परजीवी महाभक्षी पेशींमध्ये, म्हणजे जंतूंचा नाश करणाऱ्या पेशींमध्येच, वस्ती करतो. महाभक्षी पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-४० या ग्राहीला संदेश मिळाला की दोन परस्परविरोधी परिणाम संभवतात. इंटरल्युकिन-१२ तयार झाल्यास परजीवीचा नाश होण्यास मदत होते. इंटरल्युकिन-१० तयार झाल्यास परजीवीला आश्रय मिळतो. एकाच ग्राहीपासून दोन विरुद्ध परिणाम कसे होतात, हा प्रश्न होता.

पुण्याच्या गटाला असे आढळले की सीडी-४० ला दुर्बल संदेश मिळाल्यास ईआरकेमार्फत इंटरल्युकिन-१० तयार होते आणि प्रबळ संदेश मिळाल्यास पी-३८ मार्फत इंटरल्युकिन-१२ तयार होते. ही दोन्ही विकरे एकमेकांना दाबतात. लीशमॅनिया हा तराजू ईआरकेच्या बाजूला झुकवतो आणि स्वतःचा बचाव करतो. ईआरकेला रोखल्यावर पी-३८ चे कार्य पूर्ववत झाले आणि संसर्गाला बळी पडणाऱ्या जातीच्या उंदरांमध्येही परजीवींचा नाश होऊ लागला.

या प्रकारच्या संशोधनात फॉस्फो-ईआरके आणि फॉस्फो-पी-३८ यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या लक्ष्याला चिकटली असती, तर दोन्ही पट्टे एकत्र वाढताना किंवा घटताना दिसले असते आणि तराजूची कल्पना पुढे आलीच नसती. रोधक वापरून आणि सजीव उंदरांवर पडताळून पाहिल्यामुळे निष्कर्ष केवळ पट्ट्यांवर अवलंबून राहिला नाही, हेही या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय.

कर्करोगावरील औषधे

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात अनेकदा बी-रॅफ या विकरात बदल झालेला असतो आणि त्यामुळे ईआरके सतत कार्यरत राहते. या बदललेल्या बी-रॅफला रोखणाऱ्या वेमुराफेनिब या औषधाचा अभ्यास करताना रुग्णांच्या गाठींचे नमुने फॉस्फो-ईआरके प्रतिपिंडाने तपासले गेले. ईआरकेचे फॉस्फोरिलीकरण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याखेरीज गाठ आकसत नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. औषधाची मात्रा पुरेशी आहे की नाही, हे ठरवण्यास या तपासणीची मदत झाली. अमेरिकेत २०११ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली.

त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, वेगवेगळ्या संशोधकगटांनी एक अनपेक्षित निरीक्षण नोंदवले. ज्या पेशींत बी-रॅफ मूळ स्वरूपातच असते आणि रॅसमध्ये बदल झालेला असतो, त्यांत रॅफ-रोधक औषधांमुळे फॉस्फो-ईआरके घटण्याऐवजी वाढते. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या त्वचेवर वेगळ्या प्रकारच्या गाठी का उद्भवतात, याचा खुलासा त्यातून मिळाला. रॅफ-रोधकासोबत एमईके-रोधक देण्याच्या उपचारपद्धतीमागे जी कारणे आहेत, त्यांपैकी हे एक आहे. ईआरके एकूण किती आहे एवढेच तपासले असते, तर दोन्ही प्रकारच्या पेशींतील हा फरक दिसला नसता.

ऊतींच्या नमुन्यांची काळजी

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपेक्षा रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या ऊतीत फॉस्फो-ईआरके मोजणे अवघड असते. रक्तपुरवठा तुटताच ऊतीतील रसायनव्यवहार बदलू लागतो आणि काही मिनिटांतच फॉस्फेटचे प्रमाण मूळ स्थितीपासून ढळू शकते. म्हणून नमुना तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवणे किंवा विलंब न करता फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेची आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्याची वेळ नोंदवणे हाही चाचणीचाच भाग होय. मोठी गाठ न कापता तशीच फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास द्रव आतपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. अशा गाठीचा बाहेरचा भाग फॉस्फो-ईआरकेयुक्त आणि आतला भाग त्याविना दिसू शकतो. हा फरक रोगामुळे पडला नसून हाताळणीमुळे पडलेला असतो.

या कारणास्तव शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा यांतील अंतर महत्त्वाचे ठरते. कोल्हापूर शहरातील कसबा बावडा येथे डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र आहे. रुग्णसेवा आणि मूलभूत संशोधन ज्या ठिकाणी अशी शेजारी असतात, तेथे ताजा नमुना काही मिनिटांत प्रयोगशाळेत पोहोचवणे शक्य असते. नमुना पुण्याला किंवा मुंबईला पाठवायचा झाल्यास तो गोठवलेल्या अवस्थेत अथवा फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केल्यानंतरच पाठवावा लागतो. प्रतिपिंडांची वाहतूकही थंड ठेवूनच करावी लागते. वारंवार गोठवणे आणि वितळवणे यांमुळे त्यांची क्षमता घटते.

विश्वासार्हतेचा प्रश्न

बाजारात मिळणारी सर्वच प्रतिपिंडे त्यांच्या वेष्टनावर लिहिलेल्या प्रथिनालाच ओळखतात, असे नाही. ब्रॅडबरी आणि प्ल्यूक्थुन यांनी २०१५ मध्ये नेचर या नियतकालिकातून, प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या क्रमाने निश्चित करावी, असे आवाहन केले. त्याला शंभराहून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पडताळणीचे पाच मार्ग सुचवले: जनुक काढून किंवा दाबून तपासणे, प्रतिपिंडविरहित पद्धतीशी तुलना करणे, वेगळ्या एपिटोपाला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाशी तुलना करणे, खूण जोडलेले प्रथिन पेशीत तयार करून तपासणे आणि प्रतिपिंडाने पकडलेली प्रथिने वस्तुमान-वर्णपटमापनाने ओळखणे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची जनुकविरहित पेशींच्या साहाय्याने परीक्षा घेण्यात आली. आपले लक्ष्य न ओळखणारी प्रतिपिंडे वापरलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे बारा आढळले. ही प्रथिने प्रामुख्याने मज्जासंस्थेशी संबंधित होती. तथापि, तिच्यातून दिसणारी अडचण सर्वच प्रतिपिंडांना लागू होते.

ईआरके हे पुष्कळ अभ्यासले गेलेले विकर असल्याने त्याची चांगली पारखलेली प्रतिपिंडे उपलब्ध आहेत. तरीही प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या पेशींत, आपल्या पद्धतीने आणि नव्याने आलेल्या प्रत्येक खेपेसाठी ती पुन्हा तपासावीत, असा संकेत आहे. शोधनिबंधात प्रतिपिंडाचा उत्पादक, क्रमांक, खेप, वापरलेले प्रमाण आणि नियंत्रणे नोंदवण्याची अपेक्षा असते. या नोंदींमुळे दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येतो.